बाळंतिणीच्या वाट्याचं पाणी

नव्वदच्या दशकातल्या एका दुष्काळात मी सुप्याजवळच्या वाडीवर नर्स होते. पाणी टँकरचं. एका घरी नुकती बाळंत झालेली सून होती, तिला दूधच येत नव्हतं. घरातली माणसं बिनआंघोळीची राहत आणि सासू सगळं पाणी तापवून सुनेच्या अंगावर घाली. प्यायला मात्र दोन घोट.

"लई पाणी प्यालं की पोट सुटतं," सासू म्हणाली.

मी तडकले. "मावशी, अंगावर ओतल्यानं दूध येतं का? आधी तिला पाजा." उकळून निवलेल्या पाण्याचा तांब्या मीच सुनेच्या हातात दिला. तिनं तो खाली न ठेवता संपवला.

सासू रिकाम्या तांब्याकडं बघत राहिली. मग हळू म्हणाली, "मला कुणी असं पाजलं न्हाय, बाई. माझी दोन लेकरं दुधावाचून गेली."