चंपाषष्ठीचा नैवेद्य आणि व्हर्जिनियाचे रानघोडे

घोड्यांचे फोटो काढायला जायचं मी ठरवलं होतं, नैवेद्याचं सासूबाईंनी ठरवलं. दोन्ही एकाच रविवारी आलं, त्याला माझा इलाज नव्हता.

झालं असं, की ऑक्टोबरात मी हौसेने लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा घेतला. अल्फारेटा गावातल्या आमच्या घरामागची खार आणि शेजाऱ्यांचं मांजर यांचे महिनाभर फोटो काढल्यावर नितीन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "यार, आता त्या खारीला तरी सोड." तेवढ्यात ऑफिसात कळलं, की व्हर्जिनियात ग्रेसन हायलंड्स नावाच्या डोंगरावर रानटी पोनी मोकळे हिंडतात आणि माणसांना बिलकुल भीत नाहीत. थँक्सगिव्हिंगची लांब सुट्टी समोर होतीच. मोटेल बुक केलं आणि मग घरात जाहीर केलं.

सासूबाई त्या वेळी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी सोबत आणलेलं मराठी कॅलेंडर बघितलं आणि म्हणाल्या, "रविवारी चंपाषष्ठी आहे. घोडे आहेत म्हणतेस ना? मग जायलाच हवं."

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि घोडा त्याचं वाहन. चातुर्मासात आमच्याकडे वांगं वर्ज्य असतं. चंपाषष्ठीला भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य झाला, की मग घरादाराने वांग्यावर तुटून पडायचं. सासरे दर वर्षी त्या दिवशी जेजुरीला जाऊन गडाखालच्या घोड्याला स्वतःच्या हाताने घास भरवायचे. ते मार्चमध्ये गेले. यंदा तो घास कोण देणार, हा प्रश्न घरात कोणी बोलून दाखवला नव्हता, पण सासूबाईंच्या बॅगेत बाजरीचं पीठ आणि भंडाऱ्याची डबी बघितल्यावर मला उत्तर कळलं.

शनिवारी सकाळी निघालो. आय-८५ हायवेने शार्लटपर्यंत आणि तिथून आय-७७ ने उत्तरेला. पुढचा डोंगरातला रस्ता इतका वळणावळणाचा आहे, की ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. जेवणखाण धरून सात तास लागतात. वाटेत शाकाहारी माणसाला फ्रेंच फ्राइजशिवाय फारसं काही मिळत नाही, तेव्हा दशम्या-चटणी बांधून घ्या. डोंगरात पेट्रोल पंप कमी आहेत, हायवे सोडण्याआधी टाकी भरा. आमची सात वर्षांची सई मागच्या सीटवरून दर दहा मैलांनी विचारत होती, "आर वी देअर यट?" आणि नितीन दर वेळी तिला "घोडामैदान जवळच आहे" असं ऐकवत होता. तिला ते कळलं नाही, पण आजीला दर वेळी हसू आलं.

मोटेल साधं, स्वच्छ आणि पंचावन्न डॉलरचं. चालवणाऱ्या बेन मूळच्या सुरतच्या, ही खंडोबाची कृपाच. कारण रविवारी पहाटे भरीत करायचं होतं, आणि वांगं भाजताना अल्फारेटाच्या घरात स्मोक अलार्मने एकदा सगळ्या गल्लीला उठवलेलं आहे. बेनना अडचण सांगितली, तर त्यांनी आम्हाला सरळ मागच्या त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं, खिडकी उघडली आणि गॅस मोकळा करून दिला. "पूजानुं छे ने? करो, करो." अमेरिकन वांगं भोपळ्याएवढं असतं. ते भाजेपर्यंत बेन आणि सासूबाई दोघींनी एकमेकींच्या सुनांची चौकशी उरकून घेतली, माझ्यादेखत.

बेन चहा घेऊन पुढे ऑफिसात गेल्या आणि रोडगा थापता थापता सासूबाई एकदम म्हणाल्या, "मागच्या वर्षी घोड्याने घास घेतला नव्हता."

"म्हणजे?"

"ह्यांनी हात पुढे केला आणि त्याने तोंड फिरवलं. तीनदा. हे हसले, म्हणाले, आज साहेबांचा उपास दिसतोय. पण माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. पुढे मार्चमध्ये तसं झालं." त्यांनी रोडगा तव्यावर टाकला. "काही नाही गं. मनाचे खेळ. पण यंदा त्याने एक घास घेतला, तर मला बरं वाटेल."

मी डबा पुसून दिला. पण त्यानंतर त्या दिवसाचं माझं काम बदललं. फोटो मिळो न मिळो, घोड्याने घास घ्यायला हवा होता.

वर पोहोचलो तेव्हा दहा वाजले असतील. पार्किंगचे थोडे डॉलर लागतात, सुटे ठेवा. आदल्या रात्री बर्फ पडला होता. गवताची टोकं तेवढी वर, बाकी सगळा माळ पांढरा. वारा कपड्यांच्या आरपार जातो, तेव्हा थर्मल घाला आणि कान झाका. सासूबाईंनी साडीखाली थर्मल, वर नितीनचं जाकीट, कानटोपी आणि गळ्याभोवती लाल मफलर असा बंदोबस्त केला होता. पाऊलवाट चढाची आहे, पण थांबत थांबत गेल्या तर आज्याही चढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कुंपणाच्या दाराशी पाटी होती. नुकतंच वाचायला शिकलेलं मूल एकही पाटी सोडत नाही. सईने मोठ्याने वाचलं, "प्लीज डू नॉट फीड ऑर पेट द पोनीज." मग मागे वळून म्हणाली, "आजी, यू कान्ट फीड देम. दे गेट सिक."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पाटीकडे. इतके फोरम वाचले, लेन्सवर लेख वाचले, पण हा साधा नियम मी वाचला नव्हता.

पोनी मात्र पाटी वाचत नाहीत. आम्ही माळावर पाऊल ठेवतो न ठेवतो तोच सहा-सात जण पाहुण्यांना सामोरं जावं तसे चालत आले. कमरेएवढे, गुबगुबीत, डोळ्यांवर झिपऱ्या, पाठीवर बर्फाची भुकटी. एकाने माझी लेन्स चाटली. दुसऱ्याने नितीनच्या खिशात नाक घातलं. फोटो काढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते: बर्फात कॅमेरा फसतो आणि फोटो काळपट येतात, म्हणून एक्स्पोजर वाढवा, आणि जास्तीची बॅटरी अंगाशी उबेत ठेवा. दोन्ही गोष्टी मला घरी गेल्यावर कळल्या असत्या तर वरातीमागून घोडं झालं असतं. सुदैवाने ऑफिसातल्या मित्राने आधीच सांगून ठेवलं होतं.

सासूबाई एका खडकावर डबा मांडीत घेऊन बसल्या होत्या. नितीन त्यांच्यापाशी जाऊन हळूच म्हणाला, "आई, दे एक घास पटकन. कोण बघतंय इथे?"

"ही बघतेय ना," त्या सईकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तिच्यासमोर नियम मोडू? आणि त्या मुक्या जिवाचं पोट बिघडलं तर कुठला आलाय खंडोबा." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. मग म्हणाल्या, "नैवेद्य दाखवायचा तरी असतोच ना. दाखवते."

त्यांनी ताटलीत रोडगा ठेवला, वर भरीत घातलं, चिमूटभर भंडारा स्वतःच्या आणि सईच्या कपाळाला लावला. ताटली खडकावर ठेवून तिच्याभोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटून हात जोडले. ओठ हलत होते. पन्नास वर्षं ज्यांच्या शेजारी उभं राहून हे केलं, ते शेजारी नव्हते. कॅमेरा डोळ्याला लावायचा मला संकोच वाटला, पण लावला.

तेव्हाच मागून एक तपकिरी पोनी आला, त्यांच्या खांद्यावरून मान लांब केली आणि नाक थेट ताटलीकडे नेलं.

"आजी!" सई किंचाळली.

सासूबाईंनी डोळे उघडले. घोड्याचं तोंड घासापासून वीतभर लांब. ज्यासाठी त्या एवढा डोंगर चढल्या होत्या ते होणार होतं, फक्त गप्प बसून राहायचं होतं. त्यांनी ताटली उचलली आणि उभं राहून डोक्याच्याही वर धरली. पोनीने मान वर केली, ती पोहोचेना, म्हणून त्याने त्यांच्या मफलरचं टोक तोंडात घेतलं. "अरे सोड, सोड लबाडा," म्हणत सासूबाई एका हातात ताटली आणि दुसऱ्या हातात मफलर धरून हसायला लागल्या. मार्चपासून त्यांना असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं. मी बटण दाबून धरलं.

नैवेद्य शेवटी आम्हीच खाल्ला. वास घेत थांबलेल्या एका पांढऱ्या दाढीच्या हायकरलाही सासूबाईंनी अर्धा रोडगा दिला. मिरचीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो नेटाने खात राहिला आणि "व्हेरी वॉर्मिंग" म्हणाला.

परतीला शार्लटच्या अलीकडे सुट्टीचं ट्रॅफिक तुंबलं. सई झोपली होती. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"तो आपणहून आला होता," त्या म्हणाल्या. "नको मीच म्हटलं. त्याच्यावर रागावून नव्हे, त्याच्या भल्यासाठी."

"हो आई."

"मागच्या वर्षीच्या घोड्याचंही तसंच काहीतरी असेल. दिवसभर लोक भरवतात, पोट भरलं असेल बिचाऱ्याचं. मी उगाच वर्षभर धरून बसले."

त्या जानेवारीत पुण्याला परत गेल्या. मी काढलेल्या तीनशे फोटोंपैकी बर्फातले, झिपऱ्या उडवणारे, पोस्टकार्डासारखे चार-पाच चांगले आहेत आणि ते भिंतीवर लागले. ताटली आणि मफलरचा मात्र थोडा हललेला आहे, सासूबाईंचा एक हात फ्रेमबाहेर गेलाय. त्यांनी जाताना तेवढाच मागून घेतला.

मागच्या आठवड्यात फोनवर मी विचारलं, "आई, फोटो देवघरात ठेवलात का?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या फोटोसमोर ठेवलाय. बघू देत, या वेळी तोंड कोणी फिरवलं ते."