फौजी गाडीची संत्री

नागपूर स्टेशनच्या फलाटावर संत्री विकणारी ती बाई मला कामावर जाता-येता रोज दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की भाव सांगायच्या आधी ती एक संत्रं सोलायची, फोड त्याच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "चाखून पाहा, मंग बोला."

एकाहत्तरची लढाई संपून विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. आघाडीवरून परतणारी फौजी गाडी थांबली, तेव्हा दोन पक्षांचे पुढारी हार घेऊन हजर होते. फोटोत पुढे कोणाचा झेंडा, यावरून डब्याच्या दारातच त्यांची जुंपली. जवान खिडक्यांतून नुसते बघत राहिले.

माझं डोकं फिरलं. संत्रीवालीजवळ जाऊन मी म्हणालो, "मरायचं त्यांनी आणि मतं मागायची यांनी! लढाया होतात त्या यांच्यासाठीच. मी यंदा मतच देणार नाही."

तिनं पदर खोचला. "लढाई कोनं जितली हे ठरेपर्यंत गाडी निघून जाईन. मत नका देऊ, पन टोपली तं धरा!"

मी टोपली धरली. खिडकीखिडकीत संत्री देत ती निघाली. थोड्या वेळानं टोपलीची दुसरी बाजू कोणीतरी उचलली. भांडणातलाच एक कार्यकर्ता होता, हार खांद्यावर टाकून आलेला.

शेवटच्या डब्यातल्या जवानानं विचारलं, "माई, कितने का दिया?"

"पहले चखो, फिर बोलो," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.

मतदानाला मी गेलो. नाहीतर 'चाखून पाहा, मंग बोला' म्हणणाऱ्या तिला दुसऱ्या दिवशी फलाटावर तोंड कसं दाखवलं असतं?