धारेच्या वेळी परतलेल्या म्हशी

मंगळवेढ्याकडे आमच्या थोरल्या वहिनीची विहीर आहे. तिच्या पाण्याला शेणामुताचा वास मारू लागला, तेव्हा वरच्या अंगाचा गोठेवाला छाती काढून म्हणाला, "वैनी, वास तुमच्या नाकातच हाय!" गोठा धुतलेलं पाणी चरातून सरळ विहिरीकडे उतरत होतं, पण दोष नाकाचा. शेळ्यांनीही ते पाणी सोडलं होतं. त्यांचीही नाकं बिघडली असावीत.

वहिनीने तक्रार केली. ठरावीक आकड्याच्या वर जनावरं असली, की शेणपाण्याला पक्का खड्डा बांधायलाच लागतो. तपासणीची तारीख आमच्याआधी गोठेवाल्याला कळली. या महापुरुषाने सकाळीच निम्म्या म्हशी मेव्हण्याच्या रानात हाकलल्या आणि दारात मांडव घातला. तपासायला येणाऱ्याचाच सत्कार!

साहेब दुपारी आले. उरलेल्या म्हशी मोजून "नियमात बसतंय" म्हणाले आणि खुर्चीत बसले. विहिरीकडे मान वळवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. फेटा, शाल, नारळ झाला. मग भाषणं. माजी सरपंच बोलले, आजी सरपंच बोलले. साहेबांची कर्तव्यदक्षता खुद्द साहेबांनाही तिथेच पहिल्यांदा कळत असावी.

मी घड्याळ पाहिलं. धारा काढायची वेळ जवळ आली होती. मी उठलो आणि म्हणालो, "मीही दोन शब्द बोलतो." चांगला अर्धा तास बोललो. गोठेवाला खुणा करून दमला. साहेब खूश होऊन मान डोलवत होते.

कास तटतटली की म्हशीला घर आठवतं. मेव्हण्याच्या रानातून सगळ्या म्हशी ओरडत आल्या, मांडवातून घुसल्या आणि आपापल्या दाव्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"या कुणाच्या?" साहेबांनी विचारलं.

"पावण्यांच्या," गोठेवाला पुटपुटला.

"व्हय की!" वहिनी म्हणाली. "पावण्यांना आपलं दावं बी पाठ हाय!"

मांडव हसला. वहिनीने साहेबांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि रिकामी बाटली दिली. "सायेब, म्हशी पुन्यांदा मोजा. मग चला विहिरीवर, नमुना तुमीच भरा."

फेटा बांधलेले साहेब नाक दाबून विहिरीच्या पायऱ्या उतरले. ते दाबलेलं नाक बघायला वहिनीने गोठेवाल्याला मुद्दाम काठावर बोलावलं.

नोटीस निघाली, खड्डा पक्का झाला, चर बुजला. शेळ्या अजून पाणी हुंगतात आणि मागे फिरतात.