बिनआवाजाचा ब्रेक

माझ्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू तेल न घालता सोडलेली नाही. दाराच्या बिजागऱ्या, कुलपं, शिवणयंत्र, छत्र्या, पंखे, मामींचा पोळपाट सोडला तर सगळं घर त्यांच्या हातून ओशट होऊन गेलंय. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, मामा लांब चोचीची तेलाची डबी ठेवतात. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाला छातीवर एक पिवळट डाग असतो आणि तो काढायचा नाद मामींनी कधीच सोडून दिलाय. तुळजापुरात यात्रेकरूंना भाड्यानं द्यायच्या त्यांच्या दोन-चार खोल्या आहेत. त्यांची दारं इतकी गुपचूप उघडतात की एकदा मामा पहाटे अभिषेकाच्या मंडळींना उठवायला गरम पाण्याची बादली घेऊन आत गेले, तर एका आजींनी ‘चोर, चोर’ म्हणून अख्खी गल्ली जागी केली. मामांना त्याचं जराही वाईट वाटलं नाही. “दार वाजलं का? न्हाय वाजलं!” एवढंच ते दिवसभर भेटेल त्याला सांगत होते.

या मामांचं दुसरं वेड म्हणजे सायकल. त्यांच्या मुलानं पुण्यात असताना पोट कमी करायचं म्हणून एक जाडजूड टायरांची गिअरची सायकल घेतली. पोट होतं तिथंच राहिलं आणि सायकल तुळजापूरला आली. डोंगरात चालवायची, दोन्ही चाकांना चकत्या असलेली, डिस्क ब्रेकवाली ती सायकल मामांनी पदरात घेतली आणि वयाची साठी उलटल्यावर धोतर सोडून पँट वापरायला लागले, कारण धोतर चकतीत अडकतं. या वयात माणूस सायकलीसाठी पोशाख बदलतो म्हटल्यावर गावानं नावं ठेवली. पण मामांनी एकदा ठरवलं की ठरवलं. मामींच्या भाषेत सांगायचं तर, “ह्यास्नी एक डाव वाटंला लावलं की देवी आडवी आली तरी थांबायचे न्हाईत.”

या सायकलीचं खरं काम वर्षातून एकदाच असे, भाऊबीजेला. माझी आई ही मामांची थोरली बहीण, तिला मामा आक्का म्हणतात. आमचं गाव तुळजापूरचा घाट सोलापूरच्या बाजूला उतरला की लगेच पायथ्याशी, आणि घर रस्त्याला लागूनच. आईच्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला मामा कुणाची तरी सायकल मागून घाट उतरले होते. त्या सायकलीला ब्रेक नव्हता, हे त्यांना पहिल्या वळणावर कळलं. मग टाचेनं मागचं चाक दाबत दाबत ते खाली आले, तोवर चपलेची टाच संपली होती आणि पायाची सोलवटायला लागली होती. आईनं आधी त्या पायाला तेल-हळद लावलं आणि मग ओवाळलं. तेलावरची त्यांची श्रद्धा तिथंच सुरू झाली असावी असा माझा अंदाज आहे. तेव्हापासून एकही भाऊबीज त्यांनी चुकवली नाही आणि एकदाही सायकल सोडून दुसऱ्या कशानं आले नाहीत.

आता या नव्या सायकलीच्या ब्रेकचा एक दोष होता. तो थांबवायचा झकास, पण किंचाळायचा. मामा घाट उतरायला लागले की ती किंचाळी वळणावळणानं खाली येई आणि बांधावरची ढोरं माना वर करीत. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दार वाजू दिलं नाही, त्याला स्वतःच्याच ब्रेकनं असं गावभर करावं, हे मामांच्या जिव्हारी लागलं होतं. गेल्या खंडेनवमीला त्यांनी नेहमीप्रमाणे पाने, पकडी, हातोडी आणि ती तेलाची डबी पाटावर मांडून पूजा केली, सायकलीला झेंडूचा हार घातला, आणि मग भक्तिभावानं दोन्ही चकत्यांवर तेलाची धार सोडली. ब्रेकच्या आतसुद्धा सोडली. किंचाळी तत्काळ बंद झाली. त्याबरोबर ब्रेकही बंद झाला.

हे दुसऱ्या दिवशी उतारावर कळलं. मामांनी ब्रेकच्या दोन्ही दांड्या मुठीत आवळल्या, पण सायकल आपली चाललीच. गावाबाहेर रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं, त्याच्या ढिगात शिरूनच ती थांबली. ढिगाचा मालक धावत आला आणि म्हणाला, “मामा, मळणी करायलाव व्हय?” मामा ढिगातूनच म्हणाले, “न्हाय. ब्रेक बघायलो.”

घरात मोठा गदारोळ झाला. मामींनी सायकल भंगारात घालायचा निकाल दिला आणि भाऊबीजेला गुमान यष्टीनं जायला सांगितलं. मुलानं फोनवर नवी सायकल देऊ केली, मग गाडी पाठवतो म्हणाला. मामांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्या आक्काकडं दुसऱ्याच्या ब्रेकवर कदी गेलो न्हाय.” भाऊबीजेच्या आत नवा ब्रेक बसवायचा, तोही स्वतःच्या पैशानं, असं ठरलं. त्यातही त्यांनी स्वतःच एक अट घालून घेतली. ब्रेक आक्काच्या साडीपेक्षा महाग नसावा. मी विचारलं, यात साडीचा काय संबंध? तर मला म्हणाले, “साडीपेक्षा ब्रेकला जास्त घातलं तर म्या कुणासाठी चाललोय? आक्कासाठी का ब्रेकसाठी?”

मी धाराशिवला नोकरीला असतो. एक दिवस दुपारी मामा माझ्या ऑफिसात उगवले ते सायकलीचं पुढचं चाक खांद्याला अडकवूनच. सगळी सायकल यष्टीत घेत नाहीत म्हणून नुसतं चाक आणलं होतं. वाटेत कंडक्टरशी त्यांचं जुंपलं होतं. मामांचं म्हणणं, आपलं म्हातारपणाचं अर्धं तिकीट आहे, तर आपल्या चाकाचंही अर्धंच घ्यावं. कंडक्टर म्हणाला, “घेतो की. चाकाचं आधार कार्ड दावा.” मामांनी पूर्ण पैसे दिले, पण उतरताना बसच्या करकरणाऱ्या दाराला दोन थेंब तेल घातलंच.

मी त्यांना सायकलीच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं चाक बघितलं, चकतीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि कपाळावर हात मारला. ब्रेकच्या चकतीला तेल लावणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच बघितला असावा. चकतीला दाबून धरणाऱ्या आतल्या पॅडनी तेल प्यायलंय, ते आता टाकूनच द्यायचे, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं काचेच्या कपाटातून एक चकचकीत जोडी काढली. “हे बघा मामा, यात तार नसती. नळी असती. अन् नळीत तेल असतंय, त्या तेलाच्या दाबावर ब्रेक लागतो.”

मामांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. “तेल? आत तेल?” ते माझ्याकडे वळले. “बग! म्या म्हनत व्हतो न्हाय, ब्रेकला तेल लागतंय! फकस्त जागा चुकली.” त्यांनी ती दांडी एका बोटानं दाबून बघितली, सोडली, पुन्हा दाबली. किंमत विचारली. मग दांडी हळूच काउंटरवर ठेवली. त्या किमतीत आईला दोन साड्या आल्या असत्या. वरचे पैसे मी घालतो म्हणालो, तर असं काही बघितलं माझ्याकडे की मी तिथलं कॅलेंडर वाचायला लागलो.

मग मात्र त्यांनी कंबर कसली. तारेवर चालणारे जेवढे ब्रेक दुकानात होते तेवढे काढायला लावले. प्रत्येकाची दांडी ओढून बघितली, तार वाकवून बघितली, एक तर कानाला लावून बघितला. दुकानदार आधी वैतागला, मग त्यालाही चेव आला. शेवटी हिशेबात बसेल असा मेळ जमला. पुढचा ब्रेक पुरा नवा घ्यायचा, कारण घाटात भार पुढंच येतो. मागचा जुनाच ठेवून त्याला नवे पॅड टाकायचे, आणि दोन्ही चकत्या नव्या न घेता स्पिरिटनं धुऊन तेल घालवायचं. राहिला प्रश्न पॅडचा. एक धातूचे होते, टिकायला चांगले, पण वाजणारे. दुसरे मऊ, लवकर झिजणारे, पण मुके. मामांनी क्षणाचाही विचार केला नाही. “मुके द्या,” म्हणाले. दुकानदारानं पिशवी हातात देण्याआधी त्यांना भवानीची आण घालून वदवून घेतलं की चकतीला पुन्हा तेल लावणार नाही. मामांनी आण घेतली, आणि घरी गेल्यावर डबी मामींच्या हवाली केली. मामी सांगतात, त्या संध्याकाळी ते जेवले नीट नाहीत.

भाऊबीजेला मी घरी होतो. आईनं सकाळीच पाट मांडला, रांगोळी काढली, तेलाचं निरांजन आणि काडेपेटी ताटात ठेवली आणि ओट्यावर येऊन बसली. तिची नजर आता अधू झालीय. समोरच्या रस्त्यावरून कोण आलं ते तिला दिसत नाही, म्हणून ती कानावर चालते. घाटातून ब्रेक किंचाळला की ती उठायची, शेवटच्या वळणावर वात पेटवायची, आणि ताट घेऊन उंबऱ्यात येईपर्यंत मामा दारात हजर असायचे. त्या दिवशी मामा निघाल्याचा मामींचा फोन येऊन गेला. घाटातून बस उतरल्या, जीप उतरल्या. किंचाळी काही येईना. “ब्रेक नवा बसवलाय म्हनत व्हता,” आई म्हणाली. “धड बसला असंल का रं?” मी मोटरसायकल काढायला परसात गेलो.

गाडी घेऊन पुढं आलो तर अंगणात मामा उभे. घामानं निथळलेले, हँडलला झेंडूचा हार, मागं साडीची पिशवी. कधीचे उभे होते कोण जाणे. शाबासकीची वाट बघत होते. आई घाटाकडे तोंड करून पदरानं डोळे टिपत होती.

“आक्का, कुनाची वाट बगायलीस?”

आई दचकली. “कवा आलास रं?”

“ह्यो काय, म्होरंच हाय. आला का आवाज? न्हाय आला!”

“न्हाय आला,” आई म्हणाली आणि रडायलाच लागली. “मला वाटलं घाटात काय झालं तुला. निरांजन बी लावलं न्हाय म्या.”

मामांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी ब्रेककडे बघितलं, आईकडे बघितलं. मग सायकल वळवली आणि घाटाकडे ढकलायला लागले.

“मामा, कुठं निघालात?”

“येतो की. अजून आलोच न्हाय म्या. आक्का, तू आत जा. काडेपेटी हातात घे.”

मी सायकलीला हात लावायला गेलो तर त्यांनी तो झटकला. एवढा चढ, हे वय, वरून ऊन. मधे दोनदा थांबले, हँडलवर डोकं टेकून श्वास घेतला आणि पुन्हा ढकलायला लागले. शेवटच्या वळणावर पोचून त्यांनी सायकल फिरवली, सीटवर बसले, आणि घाटातून किंचाळी आली. ती मामांच्या गळ्यातून येत होती. डोकं मागं टाकून, डोळे बारीक करून, जुना ब्रेक ओरडायचा अगदी तसे ते ओरडत येत होते. समोरून चढणाऱ्या यष्टीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली. दारात आई ओल्या डोळ्यांनी हसत वात पेटवत होती. मामांनी बरोबर उंबऱ्यापाशी ब्रेक दाबला. सायकल जराही न वाजता जागच्या जागी थांबली, मामा मात्र थोडा वेळ वाजतच राहिले.

ओवाळताना पाटावर बसलेल्या मामांचा श्वास अजून खाली बसला नव्हता. “फुडल्या साली ते वाजणारंच टाक बाबा,” आई म्हणाली.

“ब्रेक चांगला हाय. बदलायचा न्हाय. म्या वरडीन की.”

“अन् घसा बसला म्हंजे?”

“घशाला तेल घालीन.”

आई हसली. आणखी किती भाऊबीजा त्या घशाला तो घाट झेपणार, हे मला मात्र त्या धापेवरून कळत होतं. आईनं निरांजनात तेल जरा जास्तच घातलं होतं. ती दोघं ताट तसंच मधे ठेवून बोलत बसली, आणि वात बराच वेळ जळत राहिली.