नवव्या फर्म्यातलं भांडण

बाइंडिंगखान्यात तिला नववी म्हणत. शाळेतली नववी तिने पाहिली नव्हती, सातवीतच शाळा सुटली. या नववीत मात्र तिची अकरा वर्षं गेली. लांब टेबलाभोवती बारा बायका बसत. प्रत्येकीपुढे एकेका फर्म्याचा ढीग. फर्मा म्हणजे सोळा पानांची छापील घडी. पहिली आपला फर्मा ठेवून पुढे सरकवी, दुसरी त्यावर आपला ठेवी, आणि बारावीच्या हातून पुस्तक शिलाईला जाई. कुणाला कुणाचं खरं नाव आठवत नसे. पगाराच्या दिवशी मुकादम नावं पुकारी तेव्हा बायका एकमेकींकडे बघत.

पुस्तकं नाना तऱ्हेची येत. पण वर्षातून तीनदा यायचा तो ‘धुक्यातला कप्तान’. दोनशे वर्षांपूर्वी जहाजासकट बुडालेला एक कप्तान, मेलेला. आणि त्याच्यावर जीव जडलेली डोळ्यांची डॉक्टरीण, जिवंत. तेहेतीस भाग झाले होते. प्रत्येकीने काम करता करता आपला फर्मा वाचायचा आणि जेवणाच्या सुट्टीत पहिलीपासून क्रमाने सांगायचा, असा रिवाज होता. एखादी रजेवर गेली की गोष्टीला भोक पडे. पाचवी बाळंतपणाला गेली तेव्हा डॉक्टरीण सबंध एक भाग जिन्याच्या मध्यावर उभी राहिली.

नववीच्या वाट्याला पान एकशे एकोणतीस ते एकशे चव्वेचाळीस. लेखकाची बसलेली सवय अशी, की नेमकं याच पानांत दोघांचं भांडण. चष्म्यावरून, छत्रीवरून, एकदा तर नुसत्या उसाशावरून. शेवटी कप्तान म्हणे, “ठीक आहे, मी निघतो,” आणि धुकं होऊन दाराखालच्या फटीतून बाहेर जाई. तो परत येई अकराव्या फर्म्यात. ते नववीने कधी डोळ्यांनी वाचलं नव्हतं. अकरावी सांगायची, पण अकरावीला तिखटमीठ लावायची खोड. त्यामुळे नववीच्या लेखी प्रेम म्हणजे ती सोळा पानं, आणि ती पानं तिला जीव की प्राण होती. वाचताना तिचे ओठ हलत. कप्तानाच्या बाजूचं ती भराभर वाची, डॉक्टरणीच्या बाजूचं सावकाश, चव घेत.

तिचा नवरा रंगारी. दिवसभर भिंती रंगवून घरी आला की तो आपल्या भिंतीकडे बघत बसे. भांडत नसे.

“अहो, कधीतरी ‘निघतो’ म्हणा.”

“कुठे?”

“कुठेही.”

तो विचार करी. “पाय धुतलेत आत्ताच,” म्हणे.

चौतिसावा भाग आला त्या सोमवारी नववीने आपल्या ढिगातली पहिलीच घडी उघडली आणि तिचा हात थांबला. कप्तान भांडलाच नव्हता. डॉक्टरीण म्हणाली, “तुझं चुकलं.” तो म्हणाला, “हो.” आणि त्याला मुक्ती मिळाली. एका ओळीत. आठवीकडून आलेले गठ्ठे तुंबायला लागले.

“अगं ए, डोळा लागला का?” दहावी म्हणाली.

“मेला.”

“कोण?”

“कप्तान.”

“तो मेलेलाच आहे की.”

“आता पुरता मेला.”

दहावीने आपला फर्मा चाळला. “तरीच. इथे ती रडतेय. मला वाटलं, नेहमीचं असेल.”

“माझ्याकडे पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर आलाय,” अकरावी म्हणाली. या वेळी तिने काहीच वाढवून सांगितलं नाही.

बारावी सगळ्यांत वडील. तिने पान झाकून घेतलं. “माझ्याकडे लग्न आहे,” ती हळूच म्हणाली. “जिवंत माणसाशी.”

घरातली बदनामी सांगावी तसं तिने ते सांगितलं. नववीला मात्र दिसलं ते एवढंच, की हे दोन हजार गठ्ठे संपले की पुढे भूमिती. मग भूगोल. मग पुन्हा भूमिती. कुणी कुणावर रागावणार नाही अशी पानं, मरेपर्यंत.

छापखान्यातून प्रत्येक फर्मा साठ-सत्तर जास्तीचा येतो. त्यातला उरेल तो रद्दीत घालायचा. नववी आपला घालत नसे. जिन्याखालच्या कपाटात भागवार बांधून ठेवी. तिने कपाट उघडून मोजलं. तेहेतीस भागांची भांडणं मिळून दोन हजार एकवीस भरली. इतकं जुळून आलंय म्हणजे आता मागे हटणं उद्धटपणा होईल, असं तिला वाटलं.

मुकादम फक्त फर्म्याच्या पाठीवरचा आकडा तपासे. तिने ढिगात लावलेल्या जुन्या भांडणांवरही आकडा नऊच होता.

“कागद पिवळा कसा गं हा?”

“उन्हात होता. सावलीत ठेवला की बरा होईल.”

मुकादमाने मान डोलावली. मुक्तीचे दोन हजार फर्मे रद्दीच्या गाडीत चढले.

महिन्याभरात मालकांच्या टेबलावर पत्रांचा ढीग झाला. मालकांनी नववीला वर बोलावलं. समोर लेखक बसला होता: किरकोळ, सर्दी झालेला, मांडीवर मफलर.

“वाच,” मालक म्हणाले.

तिने वाचलं. ‘माझ्या प्रतीत भांडण चष्म्यावरून आहे, माझ्या जावेच्या प्रतीत छत्रीवरून. तिच्या माहेरी उसाशावरून. आम्ही दोघी बोलत नाही. खरं कोणतं?’ दुसरं पत्र: ‘कप्तान रुसून गेला म्हणून तिने इंजिनिअरशी लग्न केलं, हे फार झोंबलं. समजूत कधी काढणार? पुढचा भाग लवकर काढा.’

“मी त्याला मुक्ती दिली होती,” लेखक म्हणाला. “चार दिवस जेवलो नाही.”

“मग खाऊन घ्यायचं होतं,” नववी म्हणाली. “तो ‘हो’ म्हणेल? अकरा वर्षांत एकदा तरी म्हणालाय?”

“तुम्ही चौतीसही भाग वाचलेत?”

“सोळा सोळा पानं.”

“मग तुम्हाला गोष्ट काय कळणार, बाई!”

“भांडण कळलं. बाकीचं बाकीच्या बघतात.”

लेखकाने नाक पुसलं. “मला आता गुलाबाच्या कलमांवर पुस्तक लिहायचं होतं हो,” तो मालकांना म्हणाला, पण मालक पत्रं मोजत होते. पस्तिसावा भाग ठरला. कप्तान मेलेला राहिला, गेलेला नाही.

नववीला काढली नाही. मालक म्हणाले, “शिक्षा तर व्हायलाच हवी. उद्यापासून तू पहिली.” पहिल्या फर्म्याला भांडण नसतं. तिची जागा पहिलीला मिळाली, आणि ती बिचारी इतकी मऊ होती की भांडण आलं की पान उलटून टाकायची.

पस्तिसावा भाग आला. पान तीनवर कप्तान पायऱ्या चढून येतो आणि लेखक त्याचं वर्णन करतो. दर भागात करत असणार. जुनी पहिली सुट्टीत ते गाळून सांगायची, सगळ्यांना माहीतच आहे म्हणून. उंच, शिडशिडीत, रुपेरी केस, गाल आत गेलेले. नववीने, म्हणजे आताच्या पहिलीने, ते दोनदा वाचलं. मग फर्मा घेऊन ती सरळ वर गेली.

“मालक, छपाईत चूक आहे.”

मालकांचा चेहरा उतरला. “आता काय?”

“कप्तान ठेंगणा आहे. पोट सुटलेला. एवढा शिडशिडीत माणूस दाराखालून जायला धुकं कशाला होईल? तिरका झाला असता.”

“बाई, लेखकाने तसंच लिहिलंय.”

“त्यांनी त्याला जाताना नीट पाहिलेलं नाही. बोलवा त्यांना,” ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढे धरून मापं घेऊ लागली. “पोट केवढं होतं ते मी दाखवते.”