नाशिक रोडचा बॅले आणि माझं पिलाटीज

फिजिओथेरपिस्टकडे लोक दुखणी घेऊन येतात आणि जाताना किस्से ठेवून जातात. माझ्याकडचे निम्मे किस्से एकाच हॉलमधले आहेत. दोन हजार सालाच्या आसपास नाशिक रोडच्या एका सोसायटीत, पहिल्या मजल्यावर, देवळाली कॅम्पच्या डेलनाझ मिस दर शनिवारी बॅले शिकवायच्या. त्याआधी तासभर त्याच मुलींकडून मी पिलाटीज करून घ्यायचे. बारा मुली, आम्ही दोघी आणि एक टेपरेकॉर्डर. किस्से साठणार नाहीत तर काय!

*

सुरुवात तक्रारीतून झाली. एकाच महिन्यात मिसच्या तीन मुली गुडघा नाहीतर कंबर धरून माझ्या क्लिनिकमध्ये आल्या. चौथ्यांदा मिस स्वतःच आल्या.

"मुलींचे पाय एवढे चांगले, मग दुखतात कसे?"

"कारण सगळं काम पायच करतात. पोट आणि पाठ सुट्टीवर आहेत," मी म्हटलं. पिलाटीज मी मुंबईला शिकले होते. सावकाश, मोजके व्यायाम, आणि धडाला बळ. तेच त्यांना समजावून सांगितलं.

"त्यात नाच किती?"

"अजिबात नाही."

"बरं झालं. नाच बिघडवायला मी एकटी पुरेशी आहे!"

*

फाटकावर बोर्ड लावायचा होता. पेंटरला मी फोनवर 'बॅले व पिलाटीज' असं सांगितलं. बोर्ड आला, 'बॅले व पायलट क्लास'!

तो दुरुस्त व्हायच्या आतच एक गृहस्थ मुलाची बारावीची मार्कशीट घेऊन वर आले. आम्ही सगळ्या जमिनीवर पाठ टेकून, पाय हवेत. ते दारातच थांबले. बराच वेळ बघत राहिले. मग अदबीनं विचारलं, "मॅडम, हे टेक-ऑफ का?"

*

केतकीचा पाय थेट कानापर्यंत जायचा. वर्गात तिचा रुबाब होता. पण गिरकी घेतली की ती हमखास भिंतीवर जाऊन आपटायची.

मी तिला म्हटलं, "आडवी हो. पाय फक्त वीतभर उचल. कंबर हलता कामा नये."

"एवढंसंच?" ती हसली. चौथ्या वेळेला तिचं पोट थरथरायला लागलं आणि आठव्याला डोळ्यांत पाणी आलं. "बाई, मला येत कसं नाही हो?" तिला खरंच वाईट वाटलं होतं. मी तिच्या शेजारी आडवी झाले, आणि आम्ही दोघींनी मिळून दहा पूर्ण केले.

पाच महिन्यांनी बॅलेच्या तासाला तिनं दोन गिरक्या घेतल्या आणि मधोमध उभी राहिली. चेहरा घाबरलेला.

"काय झालं?" मिसनी विचारलं.

"मिस, मी थांबले!"

*

पिलाटीजमध्ये श्वास मोकळा सोडायचा. बॅलेत दम लागलेला दिसूही द्यायचा नाही. हे दोन्ही मुलींना नीट समजावायला आम्ही विसरलो.

वार्षिक कार्यक्रमात बारा जणी एका पायावर उभ्या राहिल्या. हॉल चिडीचूप. आणि बारा तोंडांतून एकदम, "फूऽऽऽ!"

पहिल्या रांगेतले पाहुणे दचकून शेजाऱ्याला म्हणाले, "कुणाची गाडी पंक्चर झाली हो?"

*

सारिका दिंडोरीहून यायची. वडिलांची द्राक्षबाग. दर शनिवारी ते तिला मोटरसायकलवर आणायचे आणि तास संपेपर्यंत जिन्यात बसून राहायचे. एकदा येताना गाडी घसरली. त्यांना फक्त खरचटलं. सारिकाच्या घोट्याचं हाड मोडलं.

प्लास्टर लागलं. डॉक्टरांनी नाच बंद केला. आम्हाला वाटलं, आता ती येत नाही. पण पुढच्या शनिवारी वडील तिला दोन्ही हातांवर उचलून जिना चढून आले आणि त्यांनी तिला मॅटवर अलगद ठेवलं.

"बाई, पाय माझ्यामुळं मोडला. बाकीची पोरगी तरी बिघडू देऊ नका."

डॉक्टरांना विचारून मी पोट, पाठ आणि दुसरा पाय एवढ्यावरच काम सुरू केलं. पाठोपाठ बॅलेचा तास लागला की ती आडव्यानंच हात चालवायची. वडील दर शनिवारी तिला उचलून वर आणायचे, उचलून खाली न्यायचे.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय काठीसारखा झाला होता. त्यात हळूहळू ताकद भरली. अखेर एका शनिवारी ती भिंतीलगतच्या आडव्या दांडीला, बारला, धरून उभी राहिली आणि तिनं पाय मागे उचलला. पाठ जराही वाकली नाही. पूर्वी वाकायची.

डेलनाझ मिस तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारून आल्या. डोळे पुसले. मग बाकीच्या अकरा जणींकडे वळून ओरडल्या, "उद्या सगळ्यांना प्लास्टर घालते मी!"

"नको वो मिस," दारातून सारिकाचे वडील काकुळतीला येऊन म्हणाले. "एकीला उचलूनच माझी कंबर लय धरलीय!"

पुढच्या शनिवारी सारिका एकटीच जिना चढून आली. तिच्या मागे वडील, काखेत स्वतःची सतरंजी घेऊन.