खोडे साहेबांच्या जिभेची मोजणी

मोजणीच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्याच्या मोज्यांना दोन गोष्टी चिकटतात. एक कुसळं, दुसरे किस्से. शेतात असताना कळत नाही. संध्याकाळी घरी येऊन पाय झटकले की लक्षात येतं, अरे, आज बरंच काही सोबत आलंय! कुसळं झाडून टाकता येतात. किस्से मात्र धुतले तरी निघत नाहीत.

आमचं ऑफिस दिग्रसला. आमचं त्रिकूट असं: मी वानखडे, शेत मोजणारा. राठोड, आमचा क्लार्क, पुसदकडच्या एका तांड्यावरचा. आणि आमचे साहेब, खोडे. आमच्याकडचे बहुतेक किस्से त्यांचेच. यंदाचे तर सगळेच.

*

खोडे साहेबांच्या घरात आजोबांपासून सरकारी नोकरी. इस्त्रीचा शर्ट, अक्षर मोत्यासारखं, आडनाव खोडे आणि छंद खोड काढण्याचा! कामात नाही हो, जेवणात. शेतकऱ्यानं प्रेमानं भाकर वाढली तर हे म्हणणार, "ज्वारी मागच्या सालची दिसते." लग्नात जिलबी खाल्ली की, "तेल कालचं आहे."

हद्द झाली ती त्यांच्या सासऱ्यांच्या तेरवीला. पंगत बसलेली, सगळे गंभीर. साहेबांनी कढीचा एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि उसासा टाकून म्हणाले, "मामाजी असते तं त्याईनं ही कढी परत पाठवली असती."

शालिनी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हे सगळं संसारभर ऐकलं. त्या सांगतात, "लग्न होऊन आली, पहिल्याच दिवशी गोळाभात केला. हे मान खाली घालून जेवले. लाजून राह्यले असतीन असं वाटलं मले. मंग वर पाह्यलं अन् जन्मातलं पहिलं वाक्य बोलले माह्यासंग. काय बोलले? 'लसूण करपला!'"

*

मागच्या हिवाळ्यात साहेबांना ताप आला. ताप उतरला, पण नाकाचा वास गेला आणि जिभेची चवही गेली. आम्हाला आधी माहीतच नव्हतं. साहेब ऑफिसला यायचे, डबा खायचे, गप्प बसायचे. आम्ही म्हटलं, चला, माणूस सुधारला!

एक दिवस वहिनींचा फोन आला. रडत होत्या.

"भाऊजी, आज यायनं भाजी चांगली झाली म्हटलं हो!"

"मग चांगलंच आहे की वहिनी! रडून कायले राह्यल्या?"

"मी मीठच टाकलं नव्हतं!"

मला आधी हसू आलं, मग नाही आलं. वहिनी पुढे म्हणाल्या, "आयुष्यभर वाटे, एकदा तरी चांगलं म्हणावं या माणसानं. आता रोज म्हणते. पाणी दिलं तरी म्हणते छान झालं. भाऊजी, मी स्वयंपाक कोणासाठी करू?" साहेबांचे शर्ट तेव्हा अंगावर लोंबायला लागले होते, ते मला त्या दिवशी दिसले.

*

डॉक्टर म्हणाले, "नाक रुसलंय. वेगवेगळे तेज वास देत राहा. येईल तर येईल."

साहेबांची मुलगी पुण्याला असते. तिनं राठोडच्या फोनवर मेसेज टाकला की बाबांना फूड अँड वाइन व्हेकेशनला न्या, लोक आता अशाच सुट्ट्या घेतात, आणि जिथे जाल तिथल्या माणसांना विचारून खा. लगेच ऑफिसात मीटिंग बसली. ठरलं की दर रविवारी आपल्याच जिल्ह्यात फिरायचं, माझ्या गाडीतून.

"फूड समजलं," राठोड म्हणाला. "वाइन कायची?"

साहेबांनी आयुष्यात वाइन चाखली नव्हती. पण मुलगी म्हणते म्हणजे औषधच असणार! आम्ही तिघं वाइन शॉपवर गेलो. एवढ्या मोठ्या अक्षरात बोर्ड, आत बाटल्याच बाटल्या. साहेबांनी इकडेतिकडे कोणी ओळखीचं नाही ना हे पाहून हळूच विचारलं, "वाइन आहे का?"

दुकानदारानं आम्हा तिघांना नीट न्याहाळलं. "साहेब, वाइन मागणारे तुम्ही पहिलेच. बोर्डावर आहे तेवढीच आहे!"

*

मग स्थानिक माणसांचा सल्ला. दिग्रसच्या स्टँडवर एका कंडक्टरला विचारलं, इकडे खायला चांगलं काय? तो म्हणाला, "इथं? इथं काय ठेवलं आहे! खायचं तं पुसदले जा." पुसदला गेलो. तिथल्या कापडदुकानदारानं कपाळाला हात लावला. "पुसदले कोण सांगतलं तुमाले? यवतमाळले जा, यवतमाळले!"

पुढच्या रविवारी यवतमाळ. ऑटोवाल्याला विचारलं. मला वाटलं, हा आता नागपूरला पाठवतो. पण त्यानं ऑटो बंद केला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मी यवतमाळचा नाई बावा. मी मूळचा दिग्रसचा. आमच्या गावात मोजणी ऑफिसासमोर एक बुढा आलूबोंडा तळते. तसा जिल्ह्यात नाई!"

तो बुढा म्हणजे आमचे गुलाबकाका. आमच्या फाटकासमोरची गाडी! अर्धा जिल्हा फिरून आम्ही सोमवारी स्वतःच्या ऑफिससमोर येऊन आलूबोंडा खाल्ला. साहेबांनी हळूहळू चावला आणि म्हणाले, "छान आहे."

गुलाबकाकांनी झारा कढईत सोडला. साहेब त्यांना रोज एकच सांगायचे, बेसनात सोडा जास्त आहे. आणि काका रोज भांडायचे. आता ते जवळ येऊन मला म्हणाले, "वानखडे, साहेब माह्यावर नाराज आहे का? हिवाळ्यापासून एक शिवी नाई!"

*

एका रविवारी राठोडच्या ओळखीच्या माणसानं शेतात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी करायचं कबूल केलं. आम्ही गावात शिरलो आणि घोटाळा झाला. मोजणीवाले तिघंच्या तिघं गाडीतून उतरले म्हटल्यावर गावाला वाटलं, मोजणी आली!

तिथे दोन भावांचा बांधावरून जुना वाद. थोरला धावत आला, "साहेब, माह्या घरी जेवा." धाकटा मागून, "पहिले माह्याकडं!" मी ओरडून सांगतोय, बावा, आज रविवार आहे, टेप आणला नाही, मशीन आणली नाही, आम्ही फक्त जेवायला आलो! पण ज्याच्या मनात बांध आहे त्याला जेवण कसं दिसणार? शेवटी दोन्ही घरी रोडगे खाल्ले. ओळखीचा माणूस शेतात गोवऱ्यांवर फुंकर मारत राहिला तो वेगळाच.

जेवण झाल्यावर थोरला म्हणाला, "साहेब, मोजणी ऱ्हाऊ द्या. तुमच्या जिभेचं नाव सगळ्या तालुक्यात आहे. एवढंच सांगा, भाजी कोणाची सरस?"

साहेब म्हणाले, "दोन्ही छान."

दोघे भाऊ किती वर्षांनी कोण जाणे, पण पहिल्यांदा एकमेकांकडे बघून एका सुरात बोलले. "सारख्या? कशा सारख्या? तुम्ही बांधबी असाच मोजला असन!"

परत येताना गाडीत साहेब खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "वानखडे, एकात मिरची होती अन् एकात नव्हती, एवढं घाम आला म्हणून समजलं. बाकी माती खाल्ल्यासारखंच रे." मला फार वाईट वाटलं. मी उगाच हॉर्न वाजवला.

*

मग राठोड म्हणाला, आता माझ्या याडीच्या हातचं. याडी म्हणजे आई. त्यांच्या घरी बंजाऱ्यांची गोरबोली चालते, मराठी पाहुण्यांपुरती.

त्यानं साहेबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "याडी बाटी करणार आहे." साहेबांनी वाचलेलं होतं, बाटी म्हणजे निखाऱ्यात भाजलेला गोळा, वर तूप. तांड्यावर ताटं आली. ज्वारीची भाकर, मटण, कांदा. साहेब जेवले. याडी समोर बसून घास मोजल्यासारखी पाहत होती. भाकर संपत आली तसे साहेब राठोडच्या कानाला लागले, "बाटी केव्हा येणार?"

"साहेब, आमच्यात भाकरीलेच बाटी म्हणतात. अर्धी तुमच्या पोटात आहे!"

साहेब त्या दिवशी हिवाळ्यानंतर पहिल्यांदा मोकळे हसले. याडीला काहीच कळलं नाही. तिनं आणखी एक बाटी वाढली.

*

चैत्रात मोहाचा हंगाम. राठोड म्हणाला, इंग्रजी वाइन नाही मिळाली तर नाही, आपल्या मोहाचा वास काय कमी आहे? म्हणून वणीकडे गेलो. राजूरच्या कोळशाच्या ट्रकांमागून धूळ खात, पुढे आडवाटेनं एका कोलाम पोडावर. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. अंगणाअंगणात फुलं वाळत घातलेली. वास असा की माझं डोकं जड झालं!

पोडाचे म्हातारे पुढारी खाटेवर बसले होते. राठोडनं आडून आडून विचारलं, "बाबा, याची ते... पातळ वस्तू...?"

म्हातारा हसला. "ते सणाले निघते. पहिले देवाले, मंग आमाले."

"अन् आमाले?"

"तुमी सरकारी मानसं. तुमाले भाकर!"

मोहफुलाची गोड भाकर मिळाली. साहेबांनी मूठभर फुलं उचलून नाकाशी धरली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, राठोडही. म्हातारासुद्धा पुढे वाकला. साहेबांनी पुन्हा श्वास घेतला. एक क्षण भुवई हलल्यासारखी वाटली.

"काही?" मी विचारलं.

"नाही रे," ते म्हणाले आणि फुलं जिथली तिथे नीट पसरून ठेवली. त्यांनी खिशात चार फुलं मात्र ठेवली. का, ते मी विचारलं नाही.

*

त्यानंतरच्या रविवारी कुठेच गेलो नाही. वहिनींनीच आम्हाला जेवायला बोलावलं. म्हणाल्या, पुरे झाली तुमची व्हेकेशन, गोळाभात करते.

आम्ही पुढच्या खोलीत बसलो. साहेब पेपर वाचत होते, निदान पेपर उघडा होता. आत कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मग वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगा. कंडक्टरले विचारलं, ऑटोवाल्याले विचारलं, पोडावरच्या बुढ्याले विचारलं. या माणसाले काय आवडते हे मले काहून नाई विचारलं?"

राठोड चपलेकडे बघायला लागला. वहिनी खुर्चीवर बसल्या आणि आमची चांगलीच खरडपट्टी काढायला लागल्या. किती पेट्रोल जाळलं, किती उन्हात फिरवलं, माणूस अर्धा झाला. बोलता बोलता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात मला वास आला. आत गॅसवर गोळाभातावर ओतायची फोडणी ठेवलेली, तेल आणि लसूण. वहिनी पार विसरल्या होत्या. राठोडलाही आला असावा, त्यानं माझ्याकडे पाहिलं. पण रडणाऱ्या बाईला मध्येच कसं सांगायचं की तुमचं तेल जळतंय?

पेपर खाली आला. साहेबांनी नाक आक्रसलं, मान स्वयंपाकघराकडे वळवली आणि जुन्या, चिडक्या आवाजात म्हणाले, "शालिनी, लसूण करपला!"

आतून धूर यायला लागला. राठोड भानावर आला आणि गॅस बंद करायला धावला.

वहिनी खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. तिथूनच ओरडल्या, "राठोड, खबरदार त्या गॅसले हात लावशीन तं!"